दोन नंबरचं झबलं

माझ्या हातून आयुष्यात मूर्खपणे पुष्कळ झाले, पण फॅक्टरीच्या दारापर्यंत पोचलेला एकच. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जाणाऱ्या बाईच्या कुडत्याला मी लोखंडी टिचबटणं लावली. तीही हौसेनं, एका ओळीत, वरून दिसणार नाहीत अशा बेतानं. तेव्हा मी विशीतली होते, शिवणाच्या परीक्षेत तालुक्यात पहिली आले होते, आणि मला न येणारं काही जगात शिल्लक आहे असं मला वाटत नव्हतं. आज ती मुलगी मला रस्त्यात भेटली तर जवळ बसवून तिच्यावर पोटभर हसेन आणि मग तिला जेवायला घालीन. फार वाळकी होती बिचारी.

पासष्टची लढाई नुकतीच थांबली होती. फॅक्टऱ्या मात्र थांबल्या नव्हत्या. माझी थोरली बहीण, सुमनताई, जबलपुरात दिलेली. सासरचे लोक नागपूरकर भोसल्यांच्या चाकरीत तिकडे गेले ते तिकडचेच झाले. भावजी रेल्वेत. यार्डात काम करताना त्यांचा पाय मोडला आणि ते प्लास्टर घालून घरी बसले. त्याच सुमारास फॅक्टरीत बायकाही घेऊ लागले होते. ताईनं अर्ज टाकला, जागा मिळाली, फक्त मिळालेले कपडे तिला होईनात. ते बसले नाहीत तर जागा दुसरीला जाणार होती. तेव्हा ताईचा निरोप आला, ‘‘शिवणात पहिली आलीस ना? मग ये.’’

मी चाळीसगावहून संध्याकाळच्या गाडीनं निघाले. अंगात भुसावळच्या दुकानातून मुद्दाम मागवलेला तयार ब्लाउज. शिवणवर्गाच्या तक्त्यात मी बत्तीस होते, आणि ब्लाउजच्या गळ्यावरही बत्तीस लिहिलेलं होतं. पण दुकानाच्या बत्तीसची आणि माझ्या बत्तीसची कधी गाठच पडलेली नसावी. घालताना श्वास रोखावा लागला. आई म्हणाली, ‘‘अगं, घट्ट होतोय.’’ मी म्हटलं, ‘‘आई, नंबर बघ.’’ इटारसीला खिडकीतून चहाचा कप घ्यायला हात वर केला आणि मुंढ्यापासून काखेपर्यंत टर्रकन आवाज झाला. उरलेला सगळा प्रवास मी शाल गच्च लपेटून केला. समोरच्या बाईंनी विचारलं, ‘‘बेटी, बुखार है क्या?’’ खरं सांगण्यापेक्षा ताप बरा, म्हणून मी मान हलवली. त्या माउलीनं मला जबलपूर येईपर्यंत ओवा चघळायला लावला.

जबलपूर पहिल्यांदा दिसलं ते थंडीत आणि धुक्यात. स्टेशनच्या काचांवर लढाईतले काळे कागद अजून तसेच होते. एके ठिकाणी कुणीतरी नखानं खरवडून पाहण्यापुरतं भोक पाडलं होतं. सायकलरिक्षा ताईच्या घराकडे, अधारतालला निघाली. आमच्याकडे दगड डोंगरावर असतात. इथे ते गावातच होते. घराएवढाले काळे गोटे एकमेकांवर रचल्यासारखे उभे, आणि त्यांच्या आडोशाला बायकांची वाळवणं. वाटेत पनागरहून आलेल्या मटारच्या गाड्या लागल्या. सायकलींवरून माणसांचे थवेच्या थवे एकाच दिशेला चालले होते. रिक्षावाला म्हणाला, ‘‘भोंगा होने वाला है दीदी, सब फैक्टरी जा रहे हैं.’’

ताई दारातच उभी होती.

‘‘काहून गं, शालीत अशी कुडकुडून राहिली?’’

‘‘ताई, तुझ्या मराठीला काय झालं?’’

‘‘माझ्या मराठीचं राहू दे. तुझ्या ब्लाउजला काय झालं ते बोल.’’

थोरल्या बहिणीपासून काही लपत नाही. भावजी खाटेवरून, प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून, हसत होते. ‘‘या मेव्हणीबाई. एवढ्या लांबून शिंपीण बोलावली, ती फाटून आली.’’

ताईनं ट्रंकेतून कपड्यांचे दोन जोड काढले. जाड, पांढरे, सुती कुडते आणि पायजमे. कुडत्यांना बटणांऐवजी कापडी बंद. दोन्हींच्या कॉलरमागे काळ्या शाईत ‘२’ असा शिक्का. पहिला कुडता ताईनं अंगावर चढवला तर तो कोपरांतच अडकला. दुसरा चढवला तर ताई त्यात दिसेनाशी झाली. हात कुठे आहेत ते शोधावे लागले.

‘‘हे दोन्ही दोन नंबर?’’

‘‘दोन्ही. एक ठेकेदार इकडचा, एक कुठला कोण जाणे. आमच्या तुकडीतली एक तीन नंबर घालते, ती माझ्याहून बारीक आहे.’’

‘‘मग बदलून माग की.’’

‘‘मागितला. म्हणाले, नंबर तोच आहे ना? ढगळ चालणार नाही, बाही यंत्रात जाते, सोमवारी अंगाबरोबर बसलेला घालून या, नाहीतर दुसरी बाई उभी आहे.’’ मग तिनं कुडत्याची घडी घातली. ‘‘कुसे, ही जागा गेली ना, तर आम्हाला चुलत सासऱ्यांच्या दारी जाऊन राहावं लागेल. यांना ते सोसणार नाही.’’

भावजींनी मान भिंतीकडे वळवली. 

मला जबाबदारी कळली, पण त्याहून जास्त चढला तो ताठा. आधी मी बाजारात जाऊन बघू म्हटलं. तयार सदरा मिळाला तर त्यावरून बेतता येईल. बड्या फुवाऱ्याजवळ तीन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानातला छत्तीस नंबर ताईला तंबू होत होता, दुसऱ्यातल्या छत्तीसमध्ये तिचं डोकं जाईना, तिसऱ्यात एक बाही लांब आणि एक आखूड. मी दुकानदाराशी वाद घातला. तो शांतपणे घडी घालत म्हणाला, ‘‘छत्तीस तो छत्तीस ही है दीदी, अब आदमी ही अलग-अलग आ जाएँ तो हम क्या करें?’’ ताईला हसू आवरेना. तिनं मला बाहेर ओढलं आणि समोरच खव्याची जिलबी खायला घातली. आपल्याकडे जिलबी केशरी असते, ही चांगली काळीभोर, जाड, पाकात जड झालेली. तोंडात गेल्यावर मी दुकानदाराला माफ केलं.

शेवटी ठरलं, मोठा कुडताच आत दाबायचा. ताई म्हणाली, ‘‘कापू नको हं. सरकारी कापड आहे, परत द्यावं लागतं.’’ मला ते अजिबात पटलं नाही. आमच्या बाई शिवणीत बोटभर माया (आतलं जादा कापड) ठेवायला सांगायच्या, आणि मी तेवढीही ठेवत नसे. ज्याला बेतता येत नाही तो माया ठेवतो असं माझं मत होतं. पण ताईचा डोळा पाहून मी ओंजळभर कापड दोन्ही बाजूंना आत घडी घालून टिपलं.

संध्याकाळी स्वयंपाक करता करता ताई फॅक्टरीचे नियम सांगत होती. त्या दिवशी गक्कड (गोवऱ्यांवर भाजलेली कणकेची जाड भाकर) आणि वांग्याचं भरीत होतं. ‘‘आत दारू असते ना, म्हणून अंगावर धातू नको. ठिणगी उडते. मंगळसूत्र दारात काढून ठेवायचं, बांगड्या नाहीत, केसात पिना नाहीत, जोडवी नाहीत.’’

मी गक्कड तुपात बुडवत सगळं ऐकत होते. ‘‘म्हणजे विधवेसारखं जायचं?’’ असा विनोदही केला आणि भावजींकडून चपराक खाल्ली, अर्थात तोंडी. आणि हे ऐकून झाल्यावर हात पुसून मी ताईच्या शिलाई मशीनवर बसले, ते लोंबते कापडी बंद मला गावंढळ वाटले म्हणून कापून टाकले, आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं त्या जागी बसवली. माझ्या लेखी धातू म्हणजे दागिना, पिना, चाकू. टिचबटण हे शिवणाचं सामान. त्याचा आणि लोखंडाचा संबंध माझ्या डोक्यात आलाच नाही. ताईला मी म्हटलं, ‘‘बघ कसं बसवलंय, बंदसुद्धा दिसत नाहीत.’’ आरशात पाहून ती इतकी खूश झाली की तिनंही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी निघताना आम्ही दोघींनी मिळून तिची तपासणी केली. केसातली शेवटची पीन काढली. जोडवी काढली. मंगळसूत्र तिनं भावजींच्या हातात दिलं. आणि छातीवर लोखंडाची ओळ मिरवत ताई फॅक्टरीकडे निघाली. पोचवायला मी बरोबर.

दाराशी बायकांची रांग होती. झडती घेणारी बाई, फूलमतीबाई, दाराएवढीच रुंद. तिच्या खाकी कोटाची मधली बटणं लागतच नव्हती. त्या फटीवर तिनं मफलर खोचला होता. तिनं ताईच्या केसांतून हात फिरवला, गळा पाहिला, हात छातीवर आला आणि थांबला. कट् असा आवाज झाला. मग पुन्हा, कट्.

‘‘ये क्या है?’’

‘‘बटन,’’ ताई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचा चेहरा पांढरा पडला.

‘‘लोहे के? बारूद में? किसने लगाए?’’

ताईनं माझ्याकडे बोट केलं. पुढच्या-मागच्या सगळ्या बायका वळल्या.

‘‘कहाँ से आई है ये?’’

‘‘चालीसगाँव से,’’ ताई म्हणाली.

‘‘वो कहाँ पड़ता है? सरहद के उस पार?’’

रांग हसली. मला रडू फुटलं. आतून सुपरवायझरचा आवाज आला, काय गडबड आहे म्हणून. फूलमतीबाईनं एकवार ताईकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे. ‘‘कुछ नहीं साहब, एक के कपड़े ठीक नहीं हैं, ठीक करके आ रही है,’’ असं तिनं ओरडून सांगितलं आणि मग हळू आवाजात म्हणाली, ‘‘दूसरे भोंगे तक. उसके बाद मेरे हाथ में नहीं है.’’

दारासमोर चहाची टपरी होती. तिच्या मागे, पोत्याच्या आडोशाला, ताई पायजमा आणि माझी शाल अशा वेषात कुडकुडत उभी राहिली आणि मी बाकावर कुडता घेऊन बसले. सुई-दोरा पर्समध्ये कायम असायचा. टपरीवाल्याच्या ब्लेडनं टिचबटणं उडवली. पण बंद? ते तर मी कापून घरच्या केरात टाकले होते. मग अंगातल्या परकराची झालर आठवली. माझ्या परीक्षेतली झालर, पैकीच्या पैकी गुण मिळवलेली. तीही ब्लेडनं उभी फाडली आणि तिच्या पट्ट्या केल्या.

आता कुडता पुढून बंद होईना. बटणांसाठी मी तो काठोकाठ बसवला होता. तेव्हा ताईची ती माया उपयोगी पडली. दोन्ही बाजूंची टीप उसवली, दाबलेलं कापड सुटं झालं, आणि घाईत दुसरं काही सुचेना म्हणून लहान बाळाला घालतो तसं पुढचं एक पाखं दुसऱ्यावर ओढलं आणि बगलेत बांधलं. एक बंद कमरेशी, एक-एक मनगटाशी. शिवण इतकी वाकडी की आमच्या बाईंनी ती पाहिली असती तर माझं प्रमाणपत्र परत घेतलं असतं.

ताईनं खाली पाहिलं. ‘‘कुसे, हे झबलं आहे.’’

‘‘हो. हात वर कर.’’

तिनं हात वर केले. फिरवले. वाकली, उठली. काही फाटलं नाही, काही लोंबलं नाही. ‘‘चांगलं बसतं गं,’’ ती नवलानं म्हणाली, आणि भोंगा व्हायच्या आत धावली.

फूलमतीबाईनं एकेक बंद ओढून पाहिला. कमरेचा सोडला, घट्ट केला, पुन्हा सैल केला. मनगटात बोट घालून पाहिलं. मग बाजूला सरकली. ताई आत गेली. भोंगा झाला आणि दार लागलं. मी तिथेच बाकावर बसून चहा मागवला आणि या खेपेला हात वर करताना काळजी घेतली.

संध्याकाळी ताई एकटी परत आली नाही. तिच्यामागे तिघी होत्या, प्रत्येकीच्या काखेत दोन, तीन किंवा कुठल्यातरी नंबरचा कुडता. ‘‘हमारा भी झबला बना दो दीदी.’’ मी चार दिवसांसाठी गेले होते, ती मटारचा मोसम संपेपर्यंत राहिले. कुणी पनागरचे मटार आणून टाकायची, कुणी लोणचं. भावजी खाटेवर बसून बंद कातरायला शिकले. नंतर प्लास्टर निघालं, ते काठी घेऊन चालू लागले, आणि चुलत सासऱ्यांचा विषय त्या घरात कुणी पुन्हा काढला नाही. निघण्याच्या आदल्या रविवारी आम्ही ग्वारीघाटावर नर्मदेत दिवे सोडले. ताईचा दिवा तिच्यासारखाच, सरळ पुढे गेला. माझा फिरून काठाला लागला, भावजींनी तो काठीनं ढकलला.

परतीच्या गाडीत मी स्वतः शिवलेला, बगलेत बंद बांधलेला ब्लाउज घालून बसले आणि इटारसीला दोन्ही हात वर करून चहा घेतला. परवा माझ्या नातीनं मोबाइलवरून तीन कुडते मागवले, तिन्हींवर ‘एम’. एक माझ्या खुर्चीला बसला, एक बाहुलीला, एक कुणालाच नाही. ती रडकुंडीला आली. मी शिवणाचा डबा काढला. माझ्या शिवणीत आता माया भरपूर असते. ती ठेवताना मला दर वेळी जबलपूरची शेवटची संध्याकाळ आठवते. फूलमतीबाई अधारतालच्या आमच्या दारात उभी होती, हातात तो न लागणारा खाकी कोट, आणि आयुष्यात पहिल्यांदाच लाजत असावी तशी मला म्हणत होती,

‘‘ले बिन्नू (लाडकी पोर), मेरा भी नाप ले ले. बटन मैंने पकड़े थे, उसका बदला मत निकालना. साँस लेने की जगह छोड़ देना.’’