मास्तर संध्याकाळीच घरी आले

मास्तर म्हणजे शिंपी मास्तर. बत्तीस वर्षांच्या धंद्यात त्यांनी कुणालाही कपडा सांगितलेल्या दिवशी दिला नव्हता. पँट आखूड करायची असली तरी ‘शनिवारी या’, आणि शनिवारी गेलं की ‘काजं राहिलीत’. घाईचं काम उसवतं, अशी त्यांची ठाम समजूत.

वर्षभर जिना चढताना त्यांची छाती आवळून यायची आणि ते पित्ताच्या नावावर खपवायचे. शेवटी बायकोनेच धरून डॉक्टरकडे नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी अरुंद झालेली निघाली. स्टेंट घालायचं ठरलं.

“सकाळी सातला या. सगळं नीट झालं तर संध्याकाळी घरी,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

मास्तरांनी पिशवीत चार दिवसांचे कपडे भरले.

उजव्या मनगटातून बारीक नळी घालून तासाभरात काम उरकलं. मास्तर जागेच होते आणि टाके किती पडले ते विचारत होते. टाका एकही नव्हता, मनगटाला फुगवलेला पट्टा तेवढा होता. नर्सने तो दुपारभर जरा जरा सैल करत आणला आणि शेवटी काढून चिकटपट्टी लावली. चार वाजता डॉक्टरबाईंनी सुट्टी दिली.

“आजच?” मास्तर उठून बसले. “बाई, मी साधी पँट त्याच दिवशी देत नाही, आणि तुम्ही काळीज दुरुस्त करून संध्याकाळी हातात देताय?”

डॉक्टरबाई हसल्या. “सगळ्यांना नाही सोडत. तुम्हाला झटका आलेला नव्हता, काम ठरवून केलं. सहा तास बघितलं, दुखलं नाही, रक्त आलं नाही. घरही जवळ आहे. सोबत कोण राहणार?”

“मी आहे की,” बायको म्हणाली आणि तिने सूचनांचा कागद पुढे ओढला. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. उजव्या हाताने काही दिवस वजन उचलायचं नाही. मनगटातून रक्त आलं तर घट्ट दाबून फोन करायचा. थांबलं नाही किंवा छातीत दुखलं तर सरळ अ‍ॅम्ब्युलन्स.

घरी पोचून अर्धा तास झाला नसेल, मास्तरांनी पलंगावरची दुकानातली जड इस्त्री उचलून खाली ठेवली. उजव्या हाताने. चिकटपट्टी लाल व्हायला लागली आणि मास्तर पांढरे.

बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, मनगट बोटांनी दाबलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला. “दहा मिनिटं अजिबात सोडू नका, मी फोनवरच आहे,” नर्स म्हणाली.

“मला तिथेच ठेवायला हवं होतं,” मास्तर पुटपुटले.

“तिथे तुम्ही पलंग उचलला असता. गप्प बसा.”

दहा मिनिटांनी बोटं काढली. रक्त थांबलं होतं. नर्सने आणखी चार प्रश्न विचारले, इस्त्री कपाटात ठेवायला लावली आणि सकाळी फोन करते म्हणाली.

सकाळी मास्तर उठले तेव्हा बायको शेजारच्या खुर्चीतच झोपली होती, हातात फोन तसाच. मास्तरांनी आवाज न करता डाव्या हाताने चहा केला. साखर विसरले. ती तसाच प्यायली.

तेवढ्यात नर्सचा फोन आला. दुखतंय का, गोळ्या घेतल्या का, मनगट कसं आहे. सगळं ठीक होतं.

“आणि रात्र कशी गेली?”

“माझी विचारू नका,” बायको म्हणाली. “ते मस्त घोरत होते.”