धूर नव्हे, वाफ

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका संशयी माणूस अख्ख्या कतारमध्ये दुसरा नव्हता, आणि असताच तर काकांनी त्याच्यावरही संशय घेतला असता. गॅसच्या प्लांटवर बॉयलर सांभाळायची नोकरी, बायको आणि मुलगी पुण्यात, हे इथे एकटे. माझा नवरा त्यांच्याच प्लांटवर, म्हणून मी त्यांची वहिनी. माझी मुलं त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणायची. हे नातं कुठल्या शास्त्रात बसतं देव जाणे, आम्हाला मात्र ते छान बसलं होतं. मी रोज काहीतरी डब्यात घालून द्यायची, आणि ते रोज झाकण उघडून, वास घेऊन विचारायचे, आजचंच ना? एकदा मी वैतागून म्हटलं, नाही, गेल्या दिवाळीचं आहे. तर त्या दिवशी त्यांनी खरंच चार घास कमी खाल्ले.

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला तसे त्यांच्या संशयाला सुगीचे दिवस आले. काल सरळ जाणारा रस्ता आज बंद, उद्या तिसरीकडूनच वळवलेला. काकांच्या मते यात पेट्रोल पंपवाल्यांचा हात होता. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, किती दिवस उरले ते दाखवणारं मोठं घड्याळ बसवलं, तर सगळं जग त्याच्यापुढे फोटो काढत असताना हे आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी त्याचे सेकंद ताडून बघत होते. एशियन टाउनच्या बाजारात कोथिंबिरीची एक जुडी घ्यायला यांना इतका वेळ लागायचा की भाजीवालाच शेवटी "खलास, साब, ले जाओ" म्हणून हात जोडायचा. माझ्या धाकटीला ताप आला तेव्हा आमच्या थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून त्यांनी स्वतःचा आणला. दोन्हींत सारखाच ताप निघाला, म्हणून संशय आणखी वाढला आणि तिसरा विकत आणायला गेले. येताना तिच्यासाठी आइस्क्रीमही आणलं. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

तर या काकांची खालची अक्कलदाढ काढायची वेळ आली. टॅक्सीवाल्यांवर भरवसा नाही, तेव्हा सारथ्य माझ्याकडे. डॉक्टर केरळचे, शांत गृहस्थ. काकांनी आधी त्यांची सगळी हत्यारं बघून घेतली, आणि दाढ निघाल्यावर ती आपलीच आहे ना म्हणून उजेडात धरून पाहिली. डॉक्टरांनी बजावलं, खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच जखमेचं झाकण. काहीही ओढायचं नाही, स्ट्रॉनेसुद्धा नाही. मग विचारलं, सिगरेट पिता का? काकांनी ताठ मानेने सांगितलं, नाही. आणि ते खरं होतं. मुलगी शाळेत असताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सिगरेट सोडली होती, आणि दर शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तिला सांगायचे की आजवर धूर म्हणून तोंडाला लागलेला नाही.

पण दाढेची जखम काही बरी होईना. उलट दोनतीन दिवसांनी कळ अशी सुरू झाली की कानापर्यंत जायची. मी मऊ भात द्यायची, तोही त्यांना गिळवेना. मग संशयाचं चक्र फिरलं. डॉक्टरांनी मूळ आत ठेवलं असेल, कापूस आत राहिला असेल. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बघितलं, गुठळी निघून गेलीय, आतलं हाड उघडं पडलंय, म्हणाल्या. औषध भरलं आणि तोच प्रश्न विचारला. काकांचं तेच उत्तर. जरा आराम पडला, आणि पुन्हा कळा सुरू. मुलगी मॅच बघायला महिन्याभरात येणार होती. तिकिटं काढून झाली होती, आणि हे गालाला हात लावून तिच्या खोलीचे पडदे बदलत होते.

एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर घरात आंब्याचा वास. ऑक्टोबरात! आता संशय घ्यायची पाळी माझी होती. बघते तर उशीखाली पेनासारखी एक नळी, ई-सिगरेट. ती चीज इथे विकायलाही बंदी, म्हणून दुबईहून येणाऱ्या कुणाकडून तरी मागवलेली. काकांनी जराही न डगमगता माझा वर्गच घेतला. "वहिनी, काही जळलं तर धूर. यात काही जळत नाही. ही वाफ. आयुष्य वाफेत गेलंय माझं, मला शिकवू नका."

मी म्हटलं, वाफ तर वाफ, पण ओढता ना? मग डॉक्टरांना तेवढंच सांगा.

ते पेजेत चमचा फिरवत राहिले. मग म्हणाले, डॉक्टर जर म्हणाले की हे आणि ते एकच, तर दर शुक्रवारी मी पोरीला काय सांगत होतो? तेव्हा मला कळलं की या माणसाला जबड्याची भीती नव्हतीच. मला त्यांचा राग आला, तरी पेज गरम करून पुन्हा पुढ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या डॉक्टरांकडे. खुर्चीत आडवं केलं, दिवा तोंडावर आणला आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काही ओढता का? काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहिलं. तसे ते उठून बसले, डॉक्टरांना म्हणाले, एक मिनिट, आणि तिथेच मुलीला फोन लावला. फोन कानाला लावला की मेंदू तापतो असा त्यांचा पक्का संशय, त्यामुळे स्पीकर सुरूच.

"बेटा, मी ओढतो," ते म्हणाले. "सिगरेट नाही. पण ओढतो."

पलीकडे ऑफिसचा आवाज होता, तो कमी झाला. ती बहुधा बाहेर गेली असावी.

"माहीत आहे, बाबा. बोलता बोलता तुम्ही कॅमेरा छताकडे करायला लागलात ना, तेव्हापासून. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

काकांनी फोन खिशात ठेवला, आणि आडवं होऊन तोंड उघडलं. डॉक्टरांनी खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध भरलं, आणि ती नळी बंद केली तरच हे टिकेल, असं सांगितलं. काकांनी मान हलवली. एकही उलटा प्रश्न विचारला नाही, तेव्हा डॉक्टरच जरा काळजीत पडले.

परतताना नेहमीचा रस्ता पुन्हा बंद होता. तरी काकांनी पेट्रोल पंपवाल्यांचं नाव काढलं नाही. लांबचा वळसा घेऊन आम्ही झेंड्यांनी भरलेल्या एका सिग्नलला थांबलो, तेव्हा गालावरचा हात न काढता त्यांनी मला विचारलं, "वहिनी, दोन वर्षं. एवढा विश्वास कोणी कोणावर ठेवतं का हो?"

मी म्हटलं, ठेवतात, काका. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि सिग्नल हिरवा झाला तरी मला गाडी लगेच काढवली नाही.