ओटी भरून कामावरून काढलं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, अक्षरही वाकडं येतं, त्याबद्दल माफ करावं. पण जे घडलं ते घडलं तसंच लिहिणार आहे.

सातव्या महिन्यात मालकांच्या बायकोने, वहिनींनी, कारखान्यातच माझी ओटी भरली. मालवणजवळच्या या काजू कारखान्यात मी सहा वर्षं किलोच्या मजुरीवर गर सोलत होते. वहिनींनी पदरात नारळ, तांदूळ, खण घातला. सगळ्या बायका कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात मालक कागद घेऊन आले.

"सही येता मां तुका? नायतर आंगठो चलात."

बायका हसल्या. मी खाली मान घालून विचारलं, "कसलो कागद, शेट?"

"रजेचो गो."

ओटी सांडू नये म्हणून डाव्या हाताने पदर धरला, उजव्याने सही केली. वाचायला वेळ मागायची लाज वाटली.

मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर तिला कडेवर घेऊन रजेचा पगार विचारायला गेले. मालक खुर्चीतून हललेही नाहीत.

"किलोवर काम करणाऱ्यांक पगारी रजा नसता. आणि तू तर काम सोडलंस. सही आसा तुजी. पोर तुजा, पैशे मी कित्याक देव?"

बाजूला बसलेला कारखान्याचा क्लार्क हसला. परत यायचं तर नवीन बाईच्या कमी दराने ये, म्हणाला. माझे कान तापले. मुलीला सावरत बाहेर पडले.

घरी जाताना एकेकीची ओटी आठवत गेले. माझ्याआधी दहा जणींची भरली होती. दहाही जणी नवीन बाई होऊन परत आल्या होत्या. आम्ही त्याला वहिनींचा मोठेपणा म्हणत होतो. दर वेळी ओटीचे तांदूळ मीच निवडून दिले होते. त्या दिवशी मला मालकांपेक्षा माझाच जास्त राग आला.

एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. कामगार कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "बाळंतपणाआधीच्या वर्षात ऐंशी दिवस तरी भरलेत?"

"रविवार सोडून रोज."

"मग किलोवर असलात तरी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा तुमचा हक्क आहे. गरोदर आहे म्हणून काढताही येत नाही."

त्यांनी माझी तक्रार लिहून घेतली आणि कारखान्यातून कागद मागवले. अकरा जणींचे अकरा राजीनामे. सगळीकडे अक्षर क्लार्कचं. सगळीकडे तारीख जिच्या तिच्या ओटीच्या दिवसाची. खाली आमच्या सह्या आणि अंगठे.

दोन दिवसांनी वहिनी माझ्या दारात. हातात मुलीला फ्रॉक आणि पाकीट.

"रजेचे अर्धे पैशे आसत. ठेव आणि तक्रार मागे घे. तू आमका घरच्यासारखी."

आयुष्यात मी मोठ्या माणसाला उलट बोलले नव्हते. तेव्हा बोलले.

"घरची आसंय, तर माजो राजीनामो कित्याक लिवलात? अर्धे नको माका. भीक घेवक नाय बसलंय मी."

फ्रॉकही परत दिला.

शेवटी मालकांना बाईंच्या समोर बसून पैसे द्यावे लागले. सव्वीस आठवड्यांचे, पूर्ण. मालक उठता उठता म्हणाले, "झाला मां आता तुजा समाधान?"

मी त्यांच्याकडे बघून सांगितलं, "नाय. माजे मिळाले. दहा जणींचे रवलेत. सोमवारी त्यांका घेवन येतंय."