नऊ फुलांची मतं

सिंदी मेघेच्या आमच्या घराची पुढची खोली म्हणजे इंटरनेटचं दुकान होतं. चार कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्सचं मशीन. सकाळ-संध्याकाळ आमचे हे बसायचे. दुपारी एक ते चार ते जेवून आडवे व्हायचे, तेव्हा काउंटरवर मी.

मुलगी नागपूरला शिकायला गेली त्या वर्षी तिनं आपला एक नागरिक माझ्या हवाली केला. इंटरनेटवरच्या एका खेळातला. त्यात देश असतात, देशांत नागरिक असतात, आणि प्रत्येकाला रोज काम करून रोज भाकर खावी लागते. नाही खाल्ली तर ताकद उतरते.

"आई, याले फक्त रोज जेवाले घाल. बाकी काई करू नको," ती म्हणाली. वहीत लिहून दिलं: हिरवं बटण काम, निळं बटण बाजार.

मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं मला कीबोर्डवर बघून बघून ओळखीची झाली. पहिल्या आठवड्यात बाजार कुठून उघडायचा तेच कळेना, आणि नागरिक उपाशी मरायला टेकला. शेवटी मुलीनं फोनवर सांगितलं. मग मला वाटलं, माझ्यासारखे किती येत असतील ज्यांना सांगायला कोणी नाही. तिथली माणसं इंग्रजी अक्षरांत हिंदी लिहायची. मीही तसंच लिहिलं, की नवीन नागरिकाला पहिले पाच दिवस सरकारनं भाकर द्यावी. लोकांना ते पटलं. महिन्याला निवडणूक व्हायची. मी उभी राहिले आणि निवडून आले.

रोहण्याच्या माहेरी काय किंवा सासरी काय, चारचौघांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. हळदीकुंकवालाही दाराजवळची जागा धरायची. खेळातल्या संसदेत मात्र माझ्या बोलण्यावर माणसं भांडायची. मी बाई आहे हे तिथं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि घरात कोणाला तिथलं काही ठाऊक नव्हतं. माझा भाकरीचा ठराव मांडून झाला होता. मत मात्र निवडणुकीनंतर घेणार होते. पुन्हा निवडून आले तर ठराव राहणार, पडले तर तोही जाणार.

आमच्या भागातून खुर्ची एकच. समोर जो उभा राहिला तो आमच्याच बोलीत लिहायचा. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "हे मेंबर मानूस हाय का दुकान? एक ते चारच काऊन उघडं राह्यते?"

दुकान हा शब्द त्याला सुचला कसा? मी गिऱ्हाईकांवर नजर ठेवायला लागले. झेरॉक्सला आलेला कोणी "काऊन जी, वेळ लागन का?" म्हणाला की वाटायचं, हाच तो. पण 'का'ला काऊन तर सगळा वर्धा जिल्हाच म्हणतो. मग कोणाकोणाकडे बघायचं?

सगळ्यांत जास्त संशय मोठ्या जावेवर. ती शेजारीच राहायची. दहावी पास. माझं वाचणं अडखळलं की माझ्या हातातून कागद ओढून स्वतः वाचून दाखवायची. ती एकदा दुपारी मागं येऊन उभी राहिली.

"काय करतं वो त्या डब्ब्यापुढं? कोनाले लिहून राह्यली?"

"कोनालेच नाई, बाई. टायपिंग शिकून राह्यली."

"टायपिंग? अन् गालात हासत हासत?"

तिला काय वाटलं ते मला कळलं. कोणा माणसाशी माझं काही चालू आहे, असंच ती समजली असणार.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी मी दुकानात ठेवलं. रोहण्याला ग्रामपंचायतीच्या वेळी बघितलं होतं, मतदार घरून उठवून आणल्याशिवाय मतं पडत नाहीत. आठ बाया आणि नववी जाऊ. कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या काढून ठेवल्या, आणि म्हटलं, वाण घेण्याआधी इथं बसून नाव घालायचं. खेळात, म्हणजे उखाण्यातलं नाव नाही. हसत हसत बसल्या एकेक. मी प्रत्येकीला फुलाचं नाव दिलं: शेवंती, मोगरा, झेंडू. जाऊ झाली जास्वंद. मतदानाच्या दिवशी येऊन कोणत्या मेंबरला मत द्यायचं ते सांगितलं, तो मेंबर मीच हे नाही. नऊ जणींचा पासवर्ड एकच ठेवला, तो वहीत लिहिला, वही काउंटरच्या खणात.

"मत देल्यावर काय भेटते?" एकीनं विचारलं.

"गाळणी भेटली नं!" जाऊ म्हणाली.

नवीन नागरिकाला मत द्यायला पाच दिवस थांबावं लागायचं. दुसऱ्याच दिवशी त्या माणसानं लिहिलं, "एका दुपारी नऊ फुलं उमलली. बगिचा कोनाचा हाय जी?"

त्या पाच दिवसांत मला धड जेवण गेलं नाही. त्यात मोठी जाऊ रोज सकाळी दुकानात यायला लागली. मी चुलीपाशी असताना, हे काउंटरवर असताना. भिंतीपलीकडून तिचा हळू आवाज यायचा. मी आत गेले की गप्प. ही ह्यांच्या कानाशी लागली, आता एक दिवस कॉम्प्युटर बंद होणार, असं मी धरून चालले.

मतदानाच्या दिवशी नवांपैकी दोनच बाया आल्या. एकीच्या घरी पाहुणे, एकीचं लग्नाला जाणं. अडीच वाजता त्याची बारा मतं, माझी नऊ. सात फुलं अजून बाकी होती, आणि सातांची चावी माझ्या खणात.

मी वही काढली. म्हटलं, जास्वंदपासून करू. उघडलं, तर जास्वंदचं मत पडलेलं होतं. त्याला.

खणातली वही कोणी बघितली? तेवढ्यात निरोपांची पेटी दिसली. त्यात त्याचाच निरोप होता, तीन दिवसांपूर्वीचा. "नवीन दिसता. ताकद उतरली तुमची. दोन भाकरी धाडल्या, खाऊन घेजा. मत कोनालेबी द्या."

मी मोगरा उघडला. तोच निरोप, तशाच दोन भाकरी. मोगऱ्यानं त्या खाल्लेल्या नव्हत्या, कारण मोगऱ्याला कोणी परत उघडलंच नव्हतं. शेवंतीही तशीच. झेंडूच्या निरोपाखाली एक ओळ जास्त होती: "खोटे असान तरी उपाशी काऊन राहा?"

पाच दिवस मी त्यांची मतं मोजली होती. जेवायला कोणालाच घातलं नव्हतं. भाकरीचा ठराव मांडणारी मी.

झेंडूच्या पानावर मत देण्याचं बटण समोरच होतं. सहा वेळा दाबलं असतं तर खुर्ची माझीच होती. मी वही मिटली.

साडेतीन वाजता जाऊ दारात आली.

"पडली का?"

"कोन?"

"आता मले काय वेडी समजतं? तूच नं थे मेंबर?"

मी वही पदराखाली घेतली. ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली.

"मले वाटलं, कोन्या मानसाले लिहितं तू. म्हनून सकाळी येऊन पाहे मी. भाऊजीले म्हटलं, मलेबी शिकवा. त्याहिनंच दाखवलं, तुझं सारं वाचलं. लिहितं बरी वो तू, चौथीच्या मानानं. पन तिसऱ्या दिवशी माही जास्वंद मराले टेकली. तू बाजूच्या घरात, अन् भाकर कोन धाडली? त्यानं."

"मंग त्याले मत देलं?"

"देलं. खाल्ली त्याची, त्याले देलं." मग म्हणाली, "तू एक भाकर धाडली असती तर तुले देलं असतं."

ह्यांना सगळं ठाऊक होतं तर. इतके दिवस भिंतीपलीकडचा आवाज म्हणजे भाकर कुठं घ्यायची याची शिकवणी होती. मला लाज वाटली, आणि थोडा रागही आला, की मला कोणी विचारलं नाही. पण मी तरी कोणाला सांगितलं होतं?

मी पडले, तीन मतांनी. तो कोण ते मला कधीच कळलं नाही. अजूनही बाजारात आमच्या बोलीत कोणी जरा खोचक बोललं की मी वळून चेहरा बघून घेते. भाकरीचा ठराव माझ्याबरोबर गेला. तो त्यानं पुन्हा मांडला की नाही ते मी बघितलं नाही, बघवलं नाही.

त्या दुपारी मात्र मी वही परत उघडली. मोगरा, शेवंती, झेंडू, एकेक करून सहाही फुलं उघडली आणि त्यांच्या पेटीत पडून असलेल्या भाकरी त्यांना खाऊ घातल्या. जाऊ शेजारी बसून नावं सांगत होती. चार वाजता हे उठून बाहेर आले.

"काय चालू हाय वो दोघींचं?"

"पंगत बसली हाय," जाऊ म्हणाली. "थांबा जरासे, शेवटची वाढून होऊ द्या."