सर खेळातून उठले तेव्हा

सर गेल्याचा फोन मला कौशीचा आला. ती सकाळच्या पाळीला होती, राज्याच्या हद्दीपलीकडच्या कारखान्यात. "बाई, सर गेले," एवढंच म्हणाली, आणि मग बराच वेळ फोनवर नुसती यंत्रांची घरघर ऐकू येत राहिली... मी शाळेच्या मैदानावर होते, समोर सातवीच्या मुली कवायतीच्या रांगेत उभ्या होत्या. खरं सांगायचं तर मला रडू आलं नाही. राग आला. जायची ही वेळ होती का, असा राग. माणूस गेल्यावर आपण त्याच्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि मनोहर राऊतसरांबद्दल चांगलं बोलायला मला काही शोधावं लागणार नाही. पण आज इतके आठवडे झाले तरी तो राग जागचा हललेला नाही, तेव्हा त्याच्यासकटच लिहिते.

सर चिखल्याचे. रेल्वेकडून हॉकी खेळलेले, गुडघ्याने दगा दिल्यावर डहाणूत येऊन आमच्यासारख्या पोरींना शिकवायला लागलेले. मी त्यांची गोलकीपर. पुढे मी त्याच गावात खेळशिक्षिका झाले आणि सर मुंबईतल्या एका अकादमीसाठी 'पोरं बघायला' लागले. हे पोरं बघणं म्हणजे काय, ते घरच्यांना कधीच नीट कळलं नाही. सरांची बायको, आमच्या काकू, म्हणायच्या, "लोक मुली बघायला जातात, हे फॉरवर्ड बघायला जातात." वाडीतलं एक निळं, प्लॅस्टिकचं चिकूचं क्रेट सर स्कूटरच्या मागे बांधायचे आणि पालघरपासून तलासरीपर्यंत जिथे म्हणून हॉकीची स्टिक फिरते तिथे हजर व्हायचे. क्रेट पालथं घालून गोलपोस्टच्या मागे बसायचं आणि चेंडूकडे अजिबात बघायचं नाही, ही त्यांची पद्धत. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना आपला फॉरवर्ड काय करतोय, तेवढंच बघायचे. "गोल काय, आंधळ्यालाही दिसतो," म्हणायचे. आणि त्यांचा आणखी एक विचित्र शिष्टाचार होता. जो खेळाडू मनात भरला नाही, त्याचा सामना ते शिट्टी वाजेपर्यंत बसून बघत. मधेच उठून जाणं म्हणजे त्या पोराचा अपमान, असं त्यांना वाटे. उठायचे ते ज्याचं नक्की झालं त्याच्याच खेळातून. भर सामन्यात उभे राहायचे, क्रेट काखेत मारायचे आणि मागे वळून न बघता चालू पडायचे. आमच्या भागातल्या सगळ्या पोरांना हे माहीत होतं. सर उठले की झालं, असं म्हणत.

कौशी त्यांना २०१४ साली दिसली, डहाणूतल्या शालेय स्पर्धेत. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडेच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत नववीत शिकणारी, उभट अंगाची मुलगी. तिच्या शाळेने सपाटून मार खाल्ला आणि तिने एकही गोल केला नाही. सामना संपल्यावर सर माझ्याकडे आले तेव्हा चेहऱ्यावर काहीतरी गवसल्याची गडबड होती. "मीनल, ती अकरा नंबरची बघितलीस? ती पास मागत नाही. चेंडूला यावंसं वाटेल अशा जागी आधीच जाऊन उभी राहते. हे शिकवता येत नाही गं." मी म्हटलं, मग तुम्ही उठला का नाहीत? तर म्हणाले, "एवढ्यात?"

एवढ्यात. हा त्यांचा लाडका शब्द. त्यानंतरची तीन वर्षं ते तिला बघतच राहिले. आश्रमशाळेच्या मुरमाड मैदानावर गेले, स्पर्धांना गेले, दिवाळीच्या सुमाराला तिच्या पाड्यावरसुद्धा गेले. तेव्हा मीही बरोबर होते. तारपा वाजत होता, हातात हात गुंफून पोरापोरींची साखळी त्याच्याभोवती फिरत होती आणि टोकाला कौशी होती. तारपा वाजवणाऱ्याला पाठ दाखवायची नाही, तो वळेल तसं वळायचं, हा त्या नाचाचा रिवाज. सरांनी माझा दंड धरला. "हेच," म्हणाले, "चेंडूवाल्याला पाठ देत नाही ती. तोंड तिकडे ठेवून उलट्या पावलांनी मोकळ्या जागेत जाते. म्हणून तिला सगळं दिसतं." मग म्हणाले, "आणि म्हणूनच टर्फच्या वेगवान कृत्रिम मैदानावर अर्धं पाऊल मागे पडेल." त्यांनी हा शोध कौशीला सांगितला तेव्हा ती खो खो हसली. "तसं काय नाय, सर. आमच्या मैदानात दगडंच इतकी, चेंडू कुठं उडंल सांगता येत नाय. पाठ केली तर टाळक्यात बसंल." सर त्यावर महिनाभर हसत होते, पण मत बदललं नाही.

२०१७च्या सुरुवातीला अकादमीची चाचणी झाली. मी कौशीला घेऊन मुंबईला गेले. पहिल्यांदाच टर्फवर पाऊल ठेवणारी पोरगी, उसने बूट घातलेली, तरी पहिल्या सत्रात तिने बचावफळीची दैना केली. दुसऱ्या सत्रात प्रशिक्षकाने ओरडून सांगितलं, पाठ फिरव, गोलसमोरच्या डी-कडे पळ, चेंडू तुझ्यापर्यंत येईल. ती वळेना. तोंड चेंडूकडे ठेवून मागे सरकत राहिली आणि सरांनी सांगितलं होतं तसंच झालं, दर वेळी अर्धं पाऊल कमी पडलं. निवड समितीच्या टेबलाशी तिघे जण आणि चौथे आमचे सर. त्यांना सरळ विचारलं गेलं, "राऊत, तुम्ही आणलीत. ही तयार आहे का?" मी जाळीपलीकडे उभी होते, मला ऐकू येत होतं. हो म्हणायला किती वेळ लागतो? सर म्हणाले, "आज नाही. दोन वर्षं द्या. मग हिच्यासारखी फॉरवर्ड तुम्हाला मिळणार नाही." पहिलंच वाक्य सगळ्यांनी उचललं. समितीतले एक गृहस्थ, सोनेरी काड्यांचा चष्मा, फार गोड बोलणारे, म्हणाले, "अगदी बरोबर. दोन वर्षांनी आणा, वय उलटलं तरी हरकत नाही, थेट वरिष्ठ शिबिरात बघू. माझा शब्द." सर खूश. कौशी मात्र परतीच्या वाटेवर विरारपर्यंत उसन्या बुटांच्या नाड्या सोडत-बांधत बसली होती. मग म्हणाली, "सर शिट्टीपर्यंत बसून राहिले."

मी त्यांच्याशी भांडले. चिखल्याला घरी जाऊन, ओट्यावर उभी राहून, काकूंसमोर भांडले. म्हटलं, तिथे बाकीचे सगळे आपापल्या पोरांना तयार म्हणून सांगत होते, त्यातल्या निम्म्यांना स्टिक धरता येत नव्हती. तुमचा खरेपणा नेमका आमच्याच पोरीच्या वाट्याला का? निदान ती का वळत नाही ते तरी सांगायचंत, तारप्याचं सांगायचंत. सर शांतपणे म्हणाले, "सांगितलं असतं तर ते हसले असते, मीनल. तिच्या तोंडावर हसले असते. आणि खोटं तयार म्हणून पाठवलेली पोरं वर्षभरात परत येतात. परत आलेलं पोर पुन्हा स्टिक धरत नाही." मला पटलं नाही. आजही पटत नाही. बरोबर असणं आणि उपयोगाचं असणं यांतला फरक त्या माणसाला उभ्या जन्मात कळला नाही.

बारावी झाल्यावर कौशी कारखान्यात लागली, ते व्हायचंच होतं. सरांनी मात्र दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं धरली. तिच्या सुट्टीच्या दिवशी स्कूटर तलासरीला. एकच गोष्ट शिकवायचे, पाठ फिरवणं. मागून पोरींना चेंडू मारायला लावायचे आणि तिने न बघता पळायचं. ती चुकायची, चिडायची, स्टिक आपटायची. यंदाच्या फेब्रुवारीत, भूकंपाचे धक्के बसत होते आणि लोक घराबाहेर झोपत होते त्या दिवसांत, सराव चालू असताना एक मोठा धक्का आला. सगळी पोरं जमिनीला चिकटली, मीही बसले. सर क्रेटवर होते तसेच. "खेळा," म्हणाले, "जमीन तिचं ती बघून घेईल." तेव्हाही उठले नाहीत. कौशी नंतर मला म्हणाली, "भूकंपाला उठत नाय, माझ्यासाठी काय उठणार."

सर गेल्यावर डहाणूत शोकसभा झाली. सोनेरी चष्मा खास मुंबईहून आला होता. माइक हातात धरून वीस मिनिटं बोलला. रत्नपारखी म्हणाला, द्रष्टा म्हणाला, ग्रामीण गुणवत्तेसाठी झिजलेला दिवा म्हणाला... सभा संपल्यावर मी कौशीला पुढे केलं. म्हटलं, साहेब, ही ती मुलगी. दोन वर्षं झाली. तुमचा शब्द होता. त्याने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, वय बसणार नाही हो आता. वरिष्ठ शिबिराचं कोण म्हणालं तुम्हाला?" तुम्हीच, मी म्हटलं, राऊतसरांना, टेबलावर. "राऊत भोळे होते," तो म्हणाला. "काहीतरी ऐकण्यात आलं असेल त्यांच्या." त्याच्या गळ्यात तेव्हा स्वागताचं उपरणं होतं. ते तिथेच आवळावं असं मला वाटलं, हे मी लपवत नाही. मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. शब्द घेणारा माणूस हार घातलेल्या फोटोत होता आणि देणारा चहा पीत होता.

परवा सुट्टी होती. मी तलासरीला गेले. पुढच्या महिन्यात एका सरकारी खात्याच्या महिला संघाची खुली चाचणी आहे. तिथे वयाची ही अट नाही आणि निवड झाली तर नोकरीही आहे. कौशीला ते सांगायचं होतं. ती मैदानात दोन पोरींना घेऊन खेळत होती आणि गोलपोस्टच्या मागे ते निळं क्रेट पालथं पडलेलं होतं. चाचणीचं सांगून झाल्यावर मी विचारलं, हे इथे कसं? तेव्हा तिने सांगितलं. शेवटच्या वेळी सर आले होते, जायच्या चारच दिवस आधी, तेव्हा ती न बघता वळली, पळाली आणि चेंडू बरोबर तिच्या स्टिकवर आला. एकदा नाही, लागोपाठ. तिने गोलपोस्टकडे पाहिलं तर सर उभे होते. मग चालू पडले, स्कूटर काढली आणि गेले.

"क्रेट न घेता?" मी विचारलं.

"विसरले," ती म्हणाली.

सर क्रेट विसरणारे नव्हते. चार दिवसांनी ते हृदयविकारानेच गेले, तेव्हा त्या दिवशीही छातीत कळ आली असेल, घाम फुटला असेल, म्हणून उठले असतील. हे मला त्या क्षणी कळलं आणि तिलाही कळलेलं होतं, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. स्टिकने माती उकरत म्हणाली, "बाई, ते कशाला उठले असतील? तुम्हाला काय वाटतं? चाचणीला मी त्या उठण्यावर भरवसा ठेवून जाऊ का?"

पुन्हा सरांचाच राग आला. एक वाक्य, सर. एक वाक्य तोंडाने बोलला असतात तर या पोरीला असं विचारावं लागलं नसतं. म्हटलं, खेळ. आणि क्रेटवर बसले.

"चेंडूकडे बघायचं नाय," ती लांबून ओरडली.

नाही बघितलं. तिच्याकडेच बघत राहिले. चेंडू दूर त्या दोन पोरींकडे होता आणि ती मोकळ्या जागेच्या कडेला उभी होती, खांदे सैल, मान वळलेली. मग तिने पाठ फिरवली आणि मागे न बघता पळाली. पुन्हा पळाली. मी गोलकीपर होते, अंगावर येणारा फॉरवर्ड कसा दिसतो ते मला माहीत आहे. सरांना त्या दिवशी कळ आली असेल, नसेल. मी उठले. क्रेट काखेत मारलं आणि रस्त्याकडे चालू लागले. मागे स्टिकचा आवाज थांबला. बराच वेळ थांबला... मी वळून बघितलं नाही. मग तो पुन्हा सुरू झाला.