मीठ टाकताना बोलायचं नाही

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, आचारी. गावजत्रेचा मटणाचा रस्सा करावा तर आबांनीच, असं आमच्या पंचक्रोशीत मानायचे. या रश्श्याची एक गोम आहे. देवाला नैवेद्य जाईपर्यंत जिभेला थेंब लावायचा नाही. अख्ख्या गावाचा हंडा, आणि चव न बघता!

म्हणून आबांची शिकवणीही उलटी. कॉलेज सोडून मी त्यांच्या हाताखाली गेलो, तर त्यांनी मला पळीला बोटसुद्धा लावू दिलं नाही. "रश्श्याकडं बघू नगंस. करणाऱ्याच्या हाताकडं बघ. कुणाचं खारट हुणार, सांग." बाकीचे आचारी आपापल्या हंड्याशी, आणि मी परीक्षकासारखा उभा. ते चिडायचे. "कालचं पोरगं आमाला मार्क देतंय व्हय रं!" नैवेद्य गेला की वाट्या फिरायच्या आणि माझा निकाल खरा की खोटा, ते सगळ्यांसमोर कळायचं. बघून बघून एक गोष्ट डोक्यात बसली. मीठ टाकताना जो बोलतो तो विसरतो, आणि परत टाकतो. हे सांगितलं त्या दिवशी आबांनी माझ्या हातात पळी दिली.

मग एकदा गडमुडशिंगीला जत्रेचं काम होतं. आबांनी मीठ टाकलं. गप्पच होते. जरा हलवलं, आणि परत डब्यात हात घातला.

"आबा, पडलंय की!" मी ओरडलो.

"कवा? कुणी टाकलं?"

चेष्टा करत असतील म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत. मूठ तशीच अधांतरी. आचारी हात थांबवून बघत होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हे वाढतच जाणार म्हणाले. मी त्यांच्यावरच उखडलो. कुणावर तरी उखडायला पाहिजे होतं.

यंदा आबांना जत्रेला सोबतच नेलं. घरी एकटं कसं ठेवणार? हंड्याजवळ खुर्ची टाकून बसवलं. ते एकटक माझ्या हाताकडं बघत होते. मी मिठाची मूठ भरली, तेवढ्यात म्हणाले, "पावणं, हात बरा हाय तुमचा. वस्ताद कोण?"

पावणं! पोटच्या पोराला! काळीज फाटलं माझं. "हाय की एक," कसंबसं म्हणालो आणि तोंड फिरवलं. बाहीनं डोळे पुसून वळलो, तर डोकं कोरं. तळहाताला मीठ चिकटलेलं, पण मूठ हंड्यात सोडली की डब्यात परत टाकली, काही केल्या आठवेना. चव बघायची सोय नाही. डबा धरून मी येड्यासारखा उभा.

"टाकलंयसा, पावणं," आबा खुर्चीतनं म्हणाले. "एकदाच टाकलंयसा. मी बघतोय न्हवं."