मारुतीमागच्या गाड्या

आमचे गाव कृष्णेकाठचे, सांगली जिल्ह्यातले. पूल ओलांडून थोडे गेले की साताऱ्याची हद्द लागे. हिवाळ्यात पहाटे घाटावर संध्येला बसलो की पाण्याच्या नादाहून मोठा नाद कानी येई, तो साखर कारखान्याचा. गाळप सुरू झाले की हंगाम संपेपर्यंत तो अखंड घुमत राही. माझे बालपण पाठशाळेत गेले. ज्या अग्नीची मंत्रांतून ओळख झाली तो तिथे बॉयलरच्या पोटात प्रत्यक्ष धगधगताना पाहून मला दरवर्षी हात जोडावेसे वाटत. अग्निप्रदीपनाच्या दिवशी ऋचा म्हणायला मलाच बोलावीत. शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या माणसाचा कारखान्याशी एरवी काय संबंध असणार? पण त्या पहिल्या ज्वाळेमुळे तो कारखाना मला आपला वाटे.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात हा संबंध आणखी जवळचा झाला. माझी कन्या सांगलीच्या एका महाविद्यालयात शिकवत असे आणि ऊस शेतातून कारखान्यापर्यंत कसा पोहोचतो, यावर प्रबंध लिहीत होती. कारखान्यात तेव्हा नुकताच संगणक आला होता. त्याच्या थंड खोलीबाहेर सर्वांनी चपला काढायच्या, असा दंडक होता. चेअरमनसाहेबही पायमोजे सावरीत आत शिरत. मला त्या खोलीत गाभाऱ्याची आठवण येई, आणि हे मी बोलून दाखवले की कन्या हसून म्हणे, "अण्णा, ते धुळीसाठी आहे हो."

तिला खुपत होते ते कारखान्याचे यार्ड. शेकडो बैलगाड्या तिथे पाळीची वाट पाहत ताटकळत. बैलांच्या माना जू ओढून सुजलेल्या, गाड्यांवरचा ऊस वाळत चाललेला. तिने संगणकावर अशी मांडणी केली की ऊसतोडीच्या कोणत्या टोळीने केव्हा कोयता लावायचा हे आधी ठरावे, आणि गव्हाणीत, म्हणजे चरकाकडे ऊस नेणाऱ्या खाचेत, जागा होते न होते तोच गाडी दारात यावी. यार्ड रिकामे, बैल मोकळे, ऊस ताजा.

चेअरमनसाहेबांनी संक्रांतीनंतर काही आठवडे प्रयोगाला परवानगी दिली, पण एका अटीवर. "एकदा जरी 'नो केन' झालं, तरी त्याच दिवशी प्रयोग बंद." ऊस नाही म्हणून चरक थांबणे याला कारखान्यात 'नो केन' म्हणत, आणि हा शब्द उच्चारतानाही माणसे आवाज खाली आणीत. तिच्या अनेक वर्षांच्या परिश्रमांचे भवितव्य त्या एका अटीवर टांगलेले होते.

दोन-चार दिवसांतच यार्डावरचे मुकादम आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"आवं गुर्जी, ताईंना जरा सांगा की. यार्डात कुत्रं सुदिक फिरंना झालंय."

"मग बरेच झाले की. बैलांना विश्रांती मिळाली."

"बैलांचं ऱ्हाऊ द्या. रिकामं यार्ड बघून लोकं इचारत्यात, कारखाना बंद पडला का काय? माझं काळीज लय धडधडतंय बघा. एखादी ट्रॉली आडवी झाली तर गव्हाणीत काय माझं धोतार टाकू?"

आतून कन्येचा आवाज आला, "मामा, तुम्ही तर पँट घालता!"

मुकादम हसले, चहा प्यायले आणि निघून गेले. पण समजूत पटलेल्या माणसाची ती चाल नव्हती.

पुढच्या शनिवारी मी आणि कन्या कारखान्याच्या मागच्या मारुतीला गेलो. तेल वाहून प्रदक्षिणेला वळलो, तो देवळामागच्या चिंचांखाली उसाने लादलेल्या गाड्यांची रांग उभी! बैल सोडलेले नव्हते, आणि मुकादम एका चाकाला टेकून तंबाखू मळत होते.

"मामा, या गाड्या इथे कशा?" कन्येने विचारले.

"शनिवार हाय न्हवं? दर्शनाला आल्यात."

"बैलांसकट?"

"बैलांनी काय पाप केलंय, ताई?"

मला हसू आवरेना. ती मात्र रडण्याच्या बेतात होती. "तुम्ही गाड्या लपवून ठेवल्या तर माझी मांडणी खरी की खोटी, हे मला कळणार कसं? उद्या संध्याकाळपर्यंत या सगळ्या रिकाम्या करा," असे म्हणून ती भराभर चालू लागली.

रविवारी सकाळी मी घाटावर होतो. पुलावर एकाएकी आरडाओरडा झाला. कराडकडून येणारी उसाची ट्रॉली मधोमध कलंडली होती आणि तिच्यामागे ट्रॅक्टरांची रांग लागली होती. त्या वेळचा सगळा ऊस पलीकडच्याच तीरावरून यायचा होता. हातातले अर्घ्य तसेच राहिले. मंत्र ओठांवर होते आणि कान कारखान्याकडे. तो नाद आता थांबेल, मग थांबेल, असे वाटत राहिले. दुपारी पूल मोकळा झाला, तरी तो थांबला नव्हता. मारुतीमागच्या गाड्या गव्हाणीत रित्या झाल्या होत्या.

चेअरमनसाहेबांनी दुसऱ्या दिवशी तिला अभिनंदनासाठी बोलावले. एवढा पूल बंद पडूनही 'नो केन' झाले नाही, याचे श्रेय ते तिच्या संगणकाला देत होते. ती गप्प राहिली असती तर कोणाला काही कळले नसते.

आदल्या संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात पाहिले होते. तिची आई तांदळाचा डबा भरत होती. आमच्याकडे धान्याचे भांडे कधी पुरते रिकामे करीत नाहीत. तळाशी मूठभर राखून त्यावरच नवे ओततात. लहानपणापासून पाहिलेली ती गोष्ट. पण त्या दिवशी कन्या हातात माप घेऊन डब्याच्या तळाकडे बराच वेळ बघत राहिली. आई म्हणाली, "अगं, ओत की! मुहूर्त बघतेस का?"

चेअरमनसाहेबांना तिने सगळे सांगितले. मुकादमांना बोल लावू नये, अशी विनंतीही केली. आणि देवळामागे थोड्या गाड्या उघडपणे उभ्या ठेवण्याची परवानगी मागितली.

"गाड्या ठेवायच्याच असतील, तर मग तुमचा संगणक कशाला?" ते म्हणाले.

"किती ठेवायच्या ते सांगायला. मामांच्या धडधडीवर सोडलं तर यार्ड पुन्हा भरेल."

साहेब मोठ्याने हसले, आणि प्रयोग चालू राहिला.

पुढे चिंचांखाली पाण्याची टाकी आली, वैरण आली. बैल सोडूनच गाड्या उभ्या करायच्या, असा तिने नियम घातला, आणि काही ठरावीक वेळाने तिथली गाडी चरकाकडे जाऊन नवी तिच्या जागी येई, म्हणजे ऊस वाळू नये. मुकादम येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा ऐटीत दाखवीत. "आमचा आन् संगणकाचा इचार एकच पडला," असे ते सांगत, आणि ती कधी खोडून काढीत नसे. प्रबंधातले एक मोठे प्रकरण तिने नव्याने लिहिले. ते काय आहे हे मला तिने दोनदा समजावून दिले आणि दोन्ही वेळा मला तांदळाचा डबाच दिसत राहिला.

आता ती दूर असते. तिची आई नाही. बैलगाड्याही क्वचितच दिसतात. पण पहाटे जाग आली की मी अजून कान देतो, आणि त्या वर्षीच्या गाळपाचा शेवटचा दिवस आठवतो. शेवटची गाडी फुलांनी सजवून आणली होती. बैलांच्या शिंगांना गुलाल होता. मुकादमांनी शेवटची मोळी टाकण्याचा मान तिला दिला. मी अग्नीला शांतीची प्रार्थना केली, आणि मग चरक हळूहळू मंदावत गेला. त्या हंगामात ऊस नाही म्हणून तो नाद एकदाही तुटला नव्हता. तो थांबला तेव्हा शेतात ऊस उरला नव्हता आणि चिंचांखाली गाडी उरली नव्हती. इतक्या महिन्यांनी मला घरातून कृष्णेचे पाणी ऐकू आले.